ढगांच्या रानातला शेकरू

पुण्याहून भीमाशंकरला जाणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाणारा, दुसरा धबधब्याखाली भिजायला जाणारा. धुक्यावर मात्र दोघेही सारखेच वैतागतात. घोडेगाव मागे पडून गाडी घाटमाथ्याकडे चढू लागली, की काचा पांढऱ्या होतात आणि मागच्या सीटवरून हमखास प्रश्न येतो, 'यात दिसणार काय, कपाळ?'

अहो, बघायचं ते हेच! अरबी समुद्रावरून निघालेला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि त्यातल्या बाष्पाचे ढग होतात. पावसाळाभर ते माथ्यावर रेंगाळतात. त्यांच्याच जिवावर इथे, समुद्रसपाटीपासून तीनेक हजार फुटांवर, अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं सदाहरित रान उभं आहे. पूर्वेला राजगुरुनगरपर्यंत उतरलं, की पाऊस आटतो आणि उघडी माळरानं लागतात.

पावसाळ्यात या रानात डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर चालावं. शीळकरी कस्तूर धुक्यात कुठेतरी शीळ घालत असतो. एखाद्या निवांत माणसाने गाणं विसरून नुसतीच चाल आळवावी, तशी. नवखा हटकून मागे वळून बघतो. खोडांवर शेवाळाचा जाड थर, त्यात नेचे आणि आमरी. रात्री कुजक्या फांद्यांवरची एक बुरशी हिरवट उजेडाने लुकलुकते. ती बघायची तर बॅटरी बंद करावी लागते, आणि पुणेकराला नेमकं तेच जमत नाही.

पण या रानाचा खरा धनी शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आपल्या अंगणातली खार याच्यापुढे अगदीच चिल्लर. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या प्राण्यांची यादी केली, तेव्हा १८३१ साली या खारीला एल्फिन्स्टनसाहेबाचं नाव चिकटवलं. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेला, तोच हा एल्फिन्स्टन. रानातली माणसं अर्थातच शेकरूच म्हणत राहिली.

१९८५ साली इथे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, त्यामागे या प्राण्याचा वाटा मोठा. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच्या मजल्यावर. काटक्या-पानांची गोल घरटी तो बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधतो, म्हणजे जड शिकाऱ्याला तिथवर पोचता येत नाही. घरटंही एक नव्हे, चांगली तीन-चार. या झाडावरून त्या झाडावर तो वीसेक फुटांची उडी घेतो. हा वीस फुटांचा आकडा रस्ते आखणाऱ्यांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवायला हवा. कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडं मागे हटली, की आपल्याला फक्त ऊन जास्त लागतं, शेकरूचं मात्र गावच तुटतं. झाडं मोजून भागत नाही. फांदीला फांदी लागते का, ते बघावं लागतं.

ही छत्री आजवर टिकली, त्यात सरकारी पाट्यांपेक्षा देवाच्या धाकाचा हात जुना आहे. आहुप्यासारख्या गावांच्या देवरायांत कुऱ्हाड चालत नसे. माधव गाडगीळ आणि आघारकर संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शहरातल्या शिकलेल्यांना त्यांचं मोल उमगलं. इथले महादेव कोळी हिरड्याची फळं वेचून चार पैसे मिळवतात. साहजिकच शेताच्या बांधावरचा हिरडाही राखला जातो. अभयारण्य म्हणजे माणसाविना रान, हा आपला शहरी समज इथे टिकत नाही.

शेकरू बघायचा तर पाऊस सरल्यावर, थंडीतल्या सकाळी जावं. देवळामागून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी वाट धरावी. बिस्किटाचा पुडा पिशवीतच राहू द्यावा. तो बाहेर आला की माकडं येतात, शेकरू नव्हे. एका जागी गप्प उभं राहावं. आधी कुठूनतरी खडखडाटासारखी हाक येते, मग अर्धवट कुरतडलेलं फळ पायाशी टपकतं. मान वर करायची ती तेव्हा.