हजार हत्ती, सातशे वर्षे

नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्षी पाहायला जातो. तिथल्याच गोदावरीच्या गाळातून एका हत्तीची कवटी मिळाली आणि 1905 मध्ये भूशास्त्रज्ञ गाय पिल्ग्रिम यांनी तिची नोंद केली. हत्ती केवढा? खांद्यापाशीच चार मीटरहून उंच होणाऱ्या जातीचा! आजचा आपला नर हत्ती जेमतेम पावणेतीन मीटर भरतो.

तो एकटाही नव्हता. नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांत हत्तीसारखे स्टेगोडॉन, पाणघोडे आणि रानघोडे होते. शहामृगसुद्धा! जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे त्याच्या अंड्याचे सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे कवच सापडले, आणि त्यावर माणसाने कोरलेली नक्षी आहे.

मग हे सारे गेले कुठे?

पहिला संशय हवामानावर. हिमयुग म्हटले की डोळ्यांपुढे सायबेरियातला केसाळ मॅमथ येतो. पण तेव्हा गोदाकाठी बर्फ नव्हता. इथे पाऊस कमी झाला, गवताळ माळ वाढले. शिवाय अशी थंडी-ऊब अनेकदा आली नि गेली, आणि हे प्राणी त्यातून तरले होते. खुद्द मॅमथ रशियाच्या रँगेल बेटावर सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपर्यंत जगले. म्हणजे इकडे दायमाबादला लोक शेती करत होते, तेव्हाही!

दुसरा संशय माणसावर. मूठभर शिकारी एवढे धिप्पाड प्राणी संपवतील? इथे एक साधे गणित थक्क करते. हत्तीण सुमारे 22 महिने गाभण राहते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढचे चार-पाच वर्षांनी. समजा, हजार हत्तींत दरवर्षी साठ जन्मले, पन्नास आपल्या मरणाने गेले. आता शिकारीत फक्त वीस जास्त मेले. घट शेकडा एक! हेच प्रमाण राहिले तर सत्तर वर्षांत निम्मे उरतील आणि सातशे वर्षांत एकही नाही. कुठल्याही शिकाऱ्याला आयुष्यात कत्तल केल्यासारखे वाटणार नाही. दुष्काळाने जन्म घटले, तर हिशेब आणखी लवकर संपेल.

पण खरे नवल पुढेच आहे. जीवाश्मांचे अभ्यासक अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये भारतीय उपखंडातल्या जीवाश्मांचा ताळेबंद मांडला. इथला ऱ्हास सुमारे 30,000 वर्षांपूर्वी सुरू झाला आणि त्याचा घाव मोठ्या प्राण्यांवरच बसला. तरीही अमेरिकेच्या मानाने फार थोड्या जाती गेल्या. हत्ती, गेंडा, गवा टिकले! का? त्यांचा अंदाज असा, की इथले प्राणी लाखो वर्षे माणसांच्या पूर्वजांसोबत वाढले होते. दोन पायांच्या या शिकाऱ्यापासून सावध राहणे त्यांच्या अंगी मुरले होते. अमेरिकेतल्या प्राण्यांपुढे माणूस अचानक उभा ठाकला.

ओडिशातले हत्ती छत्तीसगडमार्गे 2021 मध्ये गडचिरोलीत पोहोचले, ते याच तगून राहिलेल्यांचे वंशज. सावधपणा त्यांच्याकडे आजही आहे. पण विजेच्या तारेपुढे आणि रेल्वेपुढे तो चालत नाही, आणि हत्तिणीचे 22 महिने काही कमी झालेले नाहीत. म्हणून हजारामागे वर्षाकाठी टाळलेले दहा-वीस मृत्यूही एका अख्ख्या जातीचे भवितव्य फिरवू शकतात.