त्यागींच्या मनाचा ताळेबंद

साधू म्हणजे सदैव शांत; त्यांना मनाचा थकवा कसला, असे आपण श्रावक गृहीत धरतो. वस्तुतः दीक्षा देणे, प्रायश्चित्त देणे, संघ सांभाळणे आणि वर श्रावकांची गाऱ्हाणी ऐकणे, हा आचार्यांवरील भार लहान नव्हे.

ब्रिटनमधील अभ्यासक लेस्ली फ्रान्सिस यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंचा भावनिक थकवा आणि सेवेतील समाधान स्वतंत्रपणे मोजले. दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. समाधानाची जमा पुरेशी असेल तर थकव्याचा खर्च सोसतो, असा त्यामागील विचार. व्यापारी कुटुंबांना तो सहज पटावा.

ही जमा कोठून येते? आपली परंपरा सांगते, आत्मानुभूतीतून. गुणस्थानांच्या विवेचनानुसार मुनी सहाव्या व सातव्या गुणस्थानांत वारंवार ये-जा करतात. उपदेश, आहार, विहार सहाव्यात, आत्मलीनता सातव्यात. ती एका वेळी अंतर्मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटांहून कमी काळच टिकते. अनुभूती अखंड राहत नाही हे शास्त्रालाही मान्य आहे. म्हणूनच पुनःपुन्हा आत वळणे आवश्यक ठरते.

याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. मुदखेड, नांदेड, लातूरच्या जैन कुटुंबांना कुंथलगिरी परकी नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना १९२४ साली समडोळी येथे आचार्यपद लाभले. दक्षिणेतून उत्तर भारतापर्यंत त्यांनी पायी विहार केला. दृष्टी क्षीण झाल्यावर १९५५ साली कुंथलगिरीस त्यांनी सल्लेखना स्वीकारली. ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी समाधिमरण झाले. त्या काळात त्यांनी शिष्य वीरसागर महाराजांकडे आचार्यपद सोपविले. एकतीस वर्षे वाहिलेला भार शांतपणे उतरविता येणे, हीच अंतरीच्या जमेची साक्ष होय. अखेरच्या मराठी उपदेशातही त्यांनी श्रावकांना रोज निदान काही मिनिटे आत्मचिंतन करण्यास सांगितले.

आपण मात्र चातुर्मासात सत्कार, उद्घाटने, पत्रिकांचे विमोचन आणि छायाचित्रे यांनी त्यागींचा दिवस भरून टाकतो. त्यांच्या सामायिकाची वेळ आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर अवलंबून राहू लागली, तर भांडवलच खर्ची पडते. चातुर्मास समित्यांना नम्र विनंती, की कार्यक्रम ठरविण्यापूर्वी महाराजांच्या एकांताचे तास आधी राखून ठेवावेत. उरलेल्या वेळात आपले समारंभ बसवावेत. हीदेखील वैयावृत्त्यच आहे.