नस दुखावली तर मालिश करून ती बरी होते का?

मांजाने मनगट चिरलं, हातात काच घुसली किंवा दुचाकीवरून पडून खांद्याला मार बसला. जखम भरते, टाके निघतात. पण बोटं बधीरच राहतात किंवा मनगट उचलत नाही. मग घरातून, शेजारून हमखास एक सल्ला मिळतो: "नस दबली असेल, तेल लावून मालिश करून घे."

या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मालिशने तुटलेली नस जुळत नाही. नस भरून येईपर्यंत हात-पाय कामाच्या स्थितीत ठेवायला मात्र तिची मदत होऊ शकते. हा फरक वेळेत कळला नाही, तर हाताची ताकद कायमची जाऊ शकते.

नस दुखावते म्हणजे काय होतं?

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे विषय मज्जातंतूचा आहे. स्नायूंना हालचालीचा संदेश पोहोचवणं आणि त्वचेचा स्पर्श मेंदूला कळवणं, हे त्याचं काम.

ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये या दुखापतींचे तीन प्रकार सांगितले. डॉक्टर आजही ते वापरतात.

- नस दबते: आतले धागे शाबूत असतात, फक्त संदेश अडतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपल्यावर मनगट लुळं पडतं, ते यामुळे. बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत हात पूर्ववत होतो.
- आतले धागे तुटतात, आवरण टिकतं: धागे पुन्हा वाढतात, पण त्याला काही महिने लागतात.
- नस पूर्ण तुटते: इथे सहसा शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नसतो.

बरं व्हायला इतका वेळ का लागतो?

तुटलेला धागा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर अंतर असेल, तर ५ ते ६ महिने धरून चालायचं. दुखापत मानेजवळ असेल, तर हाताच्या पंजापर्यंत पोहोचायला जवळपास दोन वर्षं लागू शकतात.

अडचण अशी की, संदेश न मिळालेला स्नायू तोवर थांबत नाही. तो बारीक होत जातो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नस पोहोचली, तरी पुन्हा काम करण्याची शक्यता खूप कमी होते. म्हणूनच खांद्याजवळच्या मोठ्या दुखापतीत शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या काही महिन्यांतच घ्यावा लागतो.

मग मालिशचा उपयोग काय?

- सूज कमी होते: बोटांकडून कोपराच्या दिशेने हलक्या हाताने चोळल्यास साचलेलं पाणी सरकायला मदत होते.
- व्रण मोकळा होतो: जखम पूर्ण भरल्यावर व्रणाची मालिश केल्यास तो आतल्या भागाला कमी चिकटतो आणि नस, स्नायू मोकळे सरकतात.
- दुखणं कमी वाटतं: लागलेल्या जागी आपण आपोआप हात चोळतो. स्पर्शाच्या संदेशामुळे वेदनेचा संदेश मणक्यातच काहीसा रोखला जातो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला.
- त्वचेला सवय होते: नस परतताना साधा स्पर्शही झोंबतो. अशा वेळी आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल असा स्पर्श वाढवत नेतात.

मालिशमुळे नस लवकर वाढते का, यावर प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत आणि काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांच्या बाबतीत मात्र तसा ठोस पुरावा नाही. त्यामुळे मालिश हा फिजिओथेरपीचा एक भाग आहे. सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम आणि स्प्लिंट त्याहून महत्त्वाचे.

कधी मालिश करू नये?

- नस जोडल्यानंतर पहिले काही आठवडे सर्जनने सांगितल्याशिवाय त्या भागाला हात लावू नये. ताण आला तर जोड सुटू शकतो.
- बधीर त्वचेवर गरम तेल किंवा शेक नको. चटका कळत नाही आणि थेट फोड येतो. मधुमेहामुळे पाय बधीर असलेल्यांनी विशेष जपावं.
- पाय प्लास्टरमध्ये असताना किंवा प्लास्टर निघाल्यावर पोटरी सुजून दुखत असेल, तर चोळू नये. रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.
- 'नस बसवून देतो' म्हणून मानेला झटका देणाऱ्यांपासून लांबच राहावं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

कापल्यानंतर बोट बधीर झालं किंवा हलत नसेल, तर त्याच दिवशी. जखम वरून छोटी दिसली तरी आत नस तुटलेली असू शकते. मार लागल्यावर मनगट किंवा पाऊल उचलता येत नसेल, तरीही थांबू नये. किती आणि कुठे दुखापत आहे, हे तपासणी आणि गरजेनुसार नसांच्या चाचणीतून कळतं.

नस परततेय का, हे पाहण्याची एक सोपी खूणही आहे. डॉक्टर नसेच्या मार्गावर बोटाने टिचक्या मारतात. मुंग्या येण्याची जागा दर महिन्याला पुढे सरकत असेल, तर धागे वाढत आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, जर्मनीचे हॉफमन आणि फ्रान्सचे टिनेल या दोघांनी जखमी सैनिकांना तपासताना ही खूण स्वतंत्रपणे नोंदवली होती.

ती जागा पुढे सरकत नसेल, तर आणखी महिनाभर मालिश करून पाहण्यापेक्षा सर्जनचं मत घेणं महत्त्वाचं. कारण तेवढ्यात स्नायूंचा एक महिना कमी झालेला असतो.