अंतःप्रज्ञा आणि बुद्धि : बर्गसाँ-रसेल वाद

एखाद्या अपरिचित मनुष्याशीं चार शब्द बोलतांच "याच्यावर विसंबूं नये" असें मन सांगूं लागतें. कारण विचारलें तर देतां येत नाहीं. आणि पुष्कळदां तो अंदाज पुढें खराही ठरतो. ज्या वेळीं तो खोटा ठरतो, ती वेळ मात्र फारशी कोणी ध्यानांत ठेवीत नाहीं. कारणमीमांसेवांचून एकदम होणाऱ्या या जाणिवेला ज्ञान म्हणावें काय, आणि म्हटलें तर बुद्धीनें मिळविलेल्या ज्ञानाहून तिचा अधिकार मोठा कीं लहान, हा तत्त्वज्ञानांतला जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं आन्री बर्गसाँ आणि बर्ट्रांड रसेल यांच्या वादांत त्याला जी धार आली, ती क्वचितच पूर्वीं आली असेल.

बुद्धि मनुष्याला सत्य कळावें म्हणून मिळालेली नसून हत्यारें घडवितां यावीं, व्यवहार साधावा, म्हणून मिळालेली आहे, असें बर्गसाँ यांचें म्हणणें. पॅरिसच्या 'कॉलेज द फ्रान्स'मधील या प्राध्यापकानें १९०७ सालच्या 'सर्जनशील उत्क्रांति' या ग्रंथांत तें विस्तारानें मांडलें. चलच्चित्राच्या फितीवरील प्रत्येक चित्र निश्चल असतें. तीं चित्रें झपाट्यानें सरकविलीं कीं घोडा धांवत असल्याचा भास होतो. बुद्धिही गतीचे असेच निश्चल तुकडे करते आणि ते जोडून गति समजली असें मानते. पेल्यांतल्या पाण्यांत साखर टाकली तर ती विरघळेपर्यंत थांबावेंच लागतें. गणिती त्या थांबण्याचीं मिनिटें मोजील; पण थांबणारा अधीरपणें जो काळ कंठतो, तो त्या आंकड्यांत कोठें आहे? बुद्धि वस्तूला बाहेरून प्रदक्षिणा घालते, गाभाऱ्यांत शिरते ती अंतःप्रज्ञा, असा त्यांच्या मताचा सारांश सांगतां येईल.

या मताच्या पुष्टीसाठीं त्यांनीं घेतलेला एक दाखला मात्र नाजूक होता. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ज्याँ-आन्री फाब्र यांनीं जमिनींत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीचें वर्णन केलें होतें. पिलांना ताजें भक्ष्य मिळावें म्हणून ही माशी अळीच्या नऊ मज्जाकेंद्रांत एकामागून एक नऊ दंश करते आणि शेवटीं तिचें डोकें जबड्यांत बेतानें दाबते. अळी मरत नाहीं. लुळी होऊन पडते. शरीरशास्त्र न शिकतां माशीला हें कसें साधतें? बर्गसाँ यांच्या मतें माशी व अळी यांच्यांत एक प्रकारची समवेदना असते. भक्ष्याचें मर्म माशीला जणूं आंतूनच जाणवतें. हीच सहजप्रवृत्ति निःस्वार्थ व आत्मभानयुक्त झाली म्हणजे तिला अंतःप्रज्ञा म्हणावयाचें.

परंतु अमेरिकेंत जॉर्ज व एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्यानें अशाच माशा चिकाटीनें न्याहाळल्या, तेव्हां दंश कमीअधिक होतात, कांहीं अळ्या मरतात आणि मेलेल्या अळीवरही पिलें खुशाल पोसतात, असें आढळून आलें. बर्गसाँ यांना हीं निरीक्षणें ठाऊक होतीं. सहजप्रवृत्तिही बुद्धीप्रमाणें चुकूं शकते, एवढ्यानें तिचें स्वरूप बदलत नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. उत्तर चतुर आहे. पण चुकूं शकणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणीतरी करावी लागते, आणि ती माशीच्या हातून होण्यासारखी नाहीं.

रसेल यांचा रोख नेमका येथेंच होता. मार्च १९१२ मध्यें केंब्रिजच्या 'हेरेटिक्स' मंडळापुढें त्यांनीं बर्गसाँ यांच्या तत्त्वज्ञानावर निबंध वाचला, १९१४ च्या 'गूढवाद आणि तर्क' या लेखांत तो वाद अधिक शांतपणें पुढें नेला, आणि १९२१ मधील 'मनाचें पृथक्करण' या पुस्तकांत फाब्र यांच्या माशीचाही समाचार घेतला. प्रेमांत पडलेल्या मनुष्याला दुसऱ्याचें अंतःकरण स्वच्छ दिसतें असें वाटतें. याहून बळकट अंतःप्रज्ञा कोणती, आणि फसगत तरी याहून अधिक कोठें होते? हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. जुन्या संवयीच्या परिस्थितींत सहजप्रवृत्ति तारते. परिस्थिति नवी असली कीं तीच घात करते.

म्हणून रसेल यांना अंतःप्रज्ञेचे शत्रु समजणें योग्य नव्हे. नवें सत्य, अगदीं तर्कशास्त्रांतलेंही, प्रथम अंतःप्रज्ञेलाच दिसतें, हें ते मोकळेपणानें मान्य करतात. बुद्धीकडे ते निर्मितीचें नव्हे, तर पारखण्याचें व मेळ घालण्याचें काम देतात. संतवाङ्मयानें 'अनुभव' या शब्दाला दिलेला मान लक्षांत घेतां मराठी वाचकाचा कल बर्गसाँ यांच्याकडे झुकण्याचा संभव आहे. पण महाराष्ट्रांतील संतांच्या साक्षात्कारमार्गावर १९३३ सालीं इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या गुरुदेव रा. द. रानडे यांनींही अंतःप्रज्ञा ही बुद्धि, भावना व इच्छाशक्ति यांच्या विरोधांत नसून त्या सर्वांच्या मुळाशीं असते, असेंच म्हटलें आहे.

बर्गसाँ यांच्या मताचा खरा कस लागला तो घड्याळांवर. ६ एप्रिल १९२२ रोजीं पॅरिसच्या तत्त्वज्ञान मंडळांत त्यांची आइन्स्टाइन यांच्याशीं गांठ पडली. मनाला जाणवणारा काळ आणि भौतिकशास्त्राचा काळ यांहून निराळा असा तत्त्वज्ञांचा काळ नाहीं, असें आइन्स्टाइन यांनीं तेथें स्पष्ट सांगितलें. त्याच वर्षीं बर्गसाँ यांनीं या विषयावर पुस्तक काढलें. अतिवेगानें प्रवास करून परतलेल्याचें घड्याळ घरच्या घड्याळाहून मागें पडलेलें आढळेल, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. प्रत्यक्ष जगलेला काळ दोघांचा एकच, असा त्यांचा आग्रह होता. हें विधान मनाच्या अनुभवापुरतें न राहतां बाह्य जगाविषयीं होतें. त्याचा निवाडाही बाह्य जगांतच होणार होता. १९७१ मध्यें हाफेल आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनीं अणुघड्याळें विमानांतून पृथ्वीभोवतीं फिरविलीं. पूर्वेकडून गेलेलीं सुमारें ५९ नॅनोसेकंदांनीं मागें पडलीं, पश्चिमेकडून गेलेलीं सुमारें २७३ नॅनोसेकंदांनीं पुढें गेलीं. आणि हा फरक सापेक्षतावादाच्या गणिताशीं जुळला.

तो निकाल पाहण्यास बर्गसाँ हयात नव्हते. १९४१ च्या जानेवारींत, जर्मनांनीं व्यापलेल्या पॅरिसमध्यें, त्यांचा अंत झाला होता. १९३१ नंतर त्या पुस्तकाची नवी आवृत्ति त्यांनीं निघूं दिली नव्हती. साखर विरघळेपर्यंत थांबावें लागतें, हें सांगणाऱ्या ग्रंथाला मात्र वाचक मिळत राहिले. तेथें विमानांतलें घड्याळ कांहींच खोटें पाडूं शकत नव्हतें.