ताकद वाढवली, ब्रेकचं काय?

चांदवडला रेणुकामातेचं दर्शन घेऊन मालेगावकडे निघालं की राहुड घाट लागतो. सातमाळा ओलांडून मुंबई-आग्रा महामार्ग इथे गिरणेच्या खोऱ्याकडे उतरतो. कसाऱ्यापुढे हा घाट लहान, पण अपघातांच्या बातम्यांत त्याचं नाव सारखं येतं. रस्ता रुंद असल्यामुळे वेग नकळत वाढतो आणि वळण घेतल्यावर खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरणारा कंटेनर किंवा कांद्याने भरलेला ट्रॅक्टर समोर येतो.

याच रस्त्यावर आता रीमॅप केलेल्या छोट्या टर्बो गाड्याही धावतात. लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलायचं, की पोलोसारखी गाडी कंपनीने दिली त्यापेक्षा कितीतरी चपळ पळू लागते. ब्रेक मात्र जुन्याच इंजिनाच्या हिशेबाचे राहतात. पुढे बहुतेकांचं लक्ष जातं ते लाल रंगाच्या मोठ्या कॅलिपरकडे आणि भोकं पाडलेल्या डिस्ककडे. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी हा क्रम उलटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रेकचं काम गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलण्याचं. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 80 ऐवजी 120 किलोमीटरवरून गाडी थांबवायची तर सव्वादोन पट उष्णता तयार होते. उताराचा हिशेब तर कोणी करतच नाही. 100 मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात ताशी 100 वरून गाडी अडीच वेळा पूर्ण थांबवता येईल. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना साधारण 300 मीटर उंची कमी होते, म्हणजे असे सात-साडेसात ब्रेक. हवेचा आणि टायरचा विरोध वगळला, तर यातलं इंजिनाने जे उचललं नाही ते सगळं ब्रेकवर येतं. त्यातही जास्त पुढच्या दोन चाकांवर, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो.

आता दुसरी बाजू. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पायाखाली एबीएसची थरथर जाणवते. याचा अर्थ चाक अडवण्याइतकी ताकद कंपनीच्या ब्रेकमध्ये आहेच. संपते ती टायरची पकड. कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशी 100 वरून थांबायला 45 ते 50 मीटर लागतात आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्याआधीच 28 मीटर मागे पडलेले असतात. महागडा कॅलिपर यातलं काहीच कमी करत नाही. चांगले टायर करतात. म्हणून पहिला खर्च तिथे.

मग ब्रेकमध्ये सुधारायचं काय? एकामागून एक ब्रेक लागत असताना पाचव्यालाही पहिल्यासारखीच पकड मिळाली पाहिजे, ही खरी गरज. तिची सुरुवात होते ब्रेक ऑइलपासून. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट 3 तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषल्यावर हा आकडा 140 पर्यंत खाली येतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. डॉट 5 हे मात्र सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं तेल आहे; आकडा मोठा दिसतो म्हणून ते यात मिसळायचं नाही.

तेल बदलताना गॅरेजमध्ये जरूर उभं राहावं. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा कॅलिपरवरचा निपल पान्याने सैल करतो. पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचं जुनं तेल येतं, त्यात मधूनच बुडबुडे, आणि शेवटी फिकट पिवळं नवं तेल. चारही चाकांची हवा अशी काढली आणि पेडल पुन्हा कडक लागलं, तर अर्धी तक्रार तिथेच मिटते. दर दोन वर्षांनी एवढं करायलाच हवं. त्याच वेळी कॅलिपरच्या पिना धुळीने अडकल्या नाहीत ना, हे पाहून घ्यावं. आपल्याकडच्या मातीत हा दोष नेहमीचा आहे आणि त्यात पॅड एका बाजूने झिजतात.

यानंतर पॅड. इथे हौस नडते. रेसिंगच्या ट्रॅकसाठी बनवलेले पॅड चांगले तापल्यावरच नीट धरतात. डिसेंबरात पहाटे चांदवडहून गाडी काढली, महामार्गाला लागता लागता बाजूच्या रस्त्यावरून दूधवाल्याची मोटरसायकल आडवी आली, तर तो पहिला ब्रेक थंडगार पॅडवर पडतो. रस्त्यासाठी थंडीत पहिल्या दाबाला पकडणारे आणि घाटात दम टिकवणारे पॅड हवेत. ते बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, आणि मग ब्रेक न वापरता थोडं अंतर चालवून ते निवू द्यावेत. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो तो असा.

मोठी डिस्क जास्त उष्णता सामावते, हे खरं. पण तिच्यासाठी बहुतेकदा रिम मोठा लागतो आणि फक्त पुढचे ब्रेक वाढवले तर पुढचं-मागचं गणित बिघडून थांबायचं अंतर वाढूही शकतं. कंपन्या ताकद वाढवतात तेव्हा पूर्ण जुळणी करतात. 2015 च्या 145 अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोला आणि 2017 च्या बलेनो आरएसला मागेही डिस्क होत्या. भोकं पाडलेल्या डिस्कला मात्र भोकांच्या कडेपासून तडे जातात. रस्त्यावर साधी, चांगल्या कंपनीची डिस्कच बरी.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनुसार मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. योग्य दर्जाचं तेल आणि त्याच मापाचे पॅड ही झाली देखभाल. वाढवलेल्या इंजिनाचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनी तो विचारू शकते.

आणि घाटात गाडी गिअरमध्येच उतरवा, चढताना लागला असता तोच गिअर ठेवा. पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रल करणारे किंवा इंजिनच बंद करणारे लोक आजही दिसतात. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि दोन-तीन दाबांत पेडल दगडासारखं होतं. यात बचतही नाही. आजच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की इंजेक्टर पेट्रोल तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.