जॅझमास्टर : जॅझने नाकारलेली गिटार

विद्युत गिटारच्या इतिहासात फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर या गिटारचे स्थान वेगळे आहे. १९५८ मध्ये ती बाजारात आली तेव्हा ती कंपनीची सर्वांत महाग आणि सर्वांत प्रतिष्ठेची गिटार होती. जॅझ वादकांना डोळ्यांसमोर ठेवून तिची आखणी झाली होती आणि नेमकी त्याच वादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. १९८० मध्ये तिचे उत्पादन थांबले, परंतु त्यानंतर ती पुन्हा बाजारात आली, आणि ज्या गुणधर्मांना एके काळी दोष म्हटले जात होते, त्यांच्यावरच आज तिचे चाहते जीव टाकतात. हा पालट केवळ आवडीनिवडीचा नाही. कोणत्याही वाद्याची रचना काही गृहीतांवर उभी असते. ती गृहीते बदलली की जुने गुण खटकू लागतात, आणि नवे वादक नवी गरज घेऊन आले की तेच गुण पुन्हा मोलाचे ठरतात, हे जॅझमास्टरच्या वाटचालीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्य गिटारमध्ये दिसेल.

या गिटारचे जनक लिओ फेंडर (१९०९–१९९१) हे पेशाने रेडिओ दुरुस्त करणारे होते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्यांचे दुकान होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे नवे वाद्य घडवले की ते स्थानिक वादकांच्या हाती द्यायचे, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांनुसार रचना सुधारायची, अशी त्यांची कामाची रीत होती. त्या काळच्या बहुतेक गिटार पोकळ अंगाच्या होत्या आणि ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला की त्या घुमू लागत. फेंडर यांनी भरीव लाकडी ठोकळ्याचे अंग आणि त्याला स्क्रूने जोडलेली मान असा सुटसुटीत मार्ग स्वीकारला. टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या त्यांच्या गिटार लोकसंगीताच्या आणि नृत्यसंगीताच्या वादकांनी उचलून धरल्या. जॅझ वादक मात्र गिब्सनसारख्या कंपन्यांच्या पोकळ, कमानदार अंगाच्या गिटारना चिकटून राहिले. त्यांना आपल्याकडे वळवण्यासाठी जॅझमास्टरची निर्मिती झाली.

हा हेतू लक्षात घेतला म्हणजे तिच्या प्रत्येक वैशिष्ट्यामागचे कारण उलगडते. जॅझ वादक बहुधा बसून वाजवतात, म्हणून अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेले कमरेचे खळगे एकमेकांसमोर न ठेवता मागेपुढे सरकवण्यात आले, जेणेकरून वाद्य मांडीवर नीट टेकावे आणि उजव्या हाताला मोकळीक मिळावी. या तिरप्या बांध्यामुळे गिटार स्थिर असतानाही पुढे झेपावत असल्यासारखी दिसते. फेंडर यांनी त्याचे पेटंटही घेतले होते. मानेवर पडदे बसवण्याची पट्टी त्यांनी रोझवूड या गडद लाकडाची केली. तोवरच्या फेंडर गिटारवर ती फिक्या मेपल लाकडाची असे, पण जॅझ वादकांच्या नजरेला गडद पट्टीचीच सवय होती.

आवाजाचा विचार करताना पिकअप या भागाकडे वळावे लागते. पोलादी तारेची कंपने विद्युत संकेतात बदलणारे हे साधन म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे होय. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये हे वेटोळे उभे व अरुंद असते, तर जॅझमास्टरमध्ये ते बसके आणि रुंद ठेवलेले आहे. परिणामी तिचा आवाज भरदार आणि गोलसर होतो, तरी त्याच्या वरच्या टोकाची स्वच्छता हरवत नाही. मात्र अशा एकेरी वेटोळ्याला आसपासच्या विजेच्या तारांमधील चढउतारही ऐकू येतात, म्हणून त्यातून अखंड गुणगुण उमटते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झच्या, तर भारतात ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यातून येते.

त्याहून विलक्षण आहे तिची दुहेरी विद्युत जोडणी. जॅझच्या मैफलीत गिटारवादकाला कधी इतर वाद्यांना स्वरसंघाची साथ द्यायची असते, तर कधी एकल वादनासाठी पुढे यायचे असते. या दोन भूमिकांसाठी दोन स्वतंत्र मार्ग दिलेले आहेत. अंगाच्या वरच्या भागातील एक छोटा सरकता खटका वर ढकलला की केवळ मानेजवळचा पिकअप चालू राहतो आणि खालची सर्व बटणे निष्क्रिय होतात. मग आवाजाची पातळी आणि त्याचा गडदपणा ठरवण्यासाठी खटक्याशेजारच्या दोन चकत्या वापराव्या लागतात, ज्यांची फक्त दातेरी कड पृष्ठभागाबाहेर डोकावते. हा मार्ग मुद्दाम मवाळ ठेवलेला आहे : एकल वादनाच्या मार्गात आवाजाचा पोत ठरवणारा विद्युतरोधक दहा लाख ओहमचा आहे, तर साथीच्या मार्गात तो केवळ पन्नास हजार ओहमचा असून, त्यामुळे उच्च कंप्रतेचा बराचसा अंश गळून जातो. वादकाने दोन्ही मार्ग आधी जुळवून ठेवायचे आणि ऐन वादनात एका बोटाने भूमिका बदलायची, अशी ही कल्पना होती. ती शांतपणे बसून वाजवणाऱ्यासाठी उत्तम असली, तरी उभ्याने जोरकस झणत्कार काढणाऱ्याचा हात त्या खटक्याला लागतो आणि गाण्याच्या मध्येच आवाज एकाएकी दबतो. म्हणूनच कित्येक वादक त्यावर चिकटपट्टी लावतात किंवा ती जोडणी काढूनच टाकतात.

या गिटारचा खरा स्वभाव दिसतो तो घोडीपाशी, म्हणजे तारा ज्या आधारावर टेकतात तेथे. जॅझमास्टरमध्ये तारा घोडीवरून पुढे काही अंतर जाऊन एका धातूच्या पट्टीत अडकवलेल्या असतात, आणि ती पट्टी एका स्प्रिंगच्या बळावर तोल सांभाळून असते. पट्टीला जोडलेला दांडा दाबला की ताण कमी होऊन सर्व तारांचे स्वर एकदम उतरतात आणि वर ओढला की चढतात. स्वर खालीवर होताना तारा घोडीवर घासू नयेत म्हणून घोडी पक्की बसवलेलीच नाही; तिचे दोन टोकदार पाय दोन नळीवजा वाट्यांच्या तळाशी टेकतात आणि तारा सरकू लागल्या की घोडीही त्यांच्याबरोबर किंचित झुलते. दांड्याजवळ आणखी एक छोटे बटण आहे. वादन चालू असताना एखादी तार तुटली तर ते सरकवून पट्टी जागीच अडवता येते, आणि त्यामुळे उरलेल्या पाच तारांचा मेळ बिघडत नाही. इतका बारकाईने केलेला विचार पाहिला म्हणजे या यंत्रणेला सदोष म्हणण्यापूर्वी थांबावेसे वाटते.

तरीही जॅझ वादकांचे मन वळले नाही. पोकळ लाकडातून येणारा उबदार, लवकर विरणारा स्वर त्यांना हवा होता आणि भरीव ठोकळ्यातून तो मिळणे अवघड होते. त्यांची जागा घेतली ती कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर बहरलेल्या सर्फ संगीताने. प्रतिध्वनीत बुडालेल्या, स्वच्छ आणि चपळ सुरावटींच्या या शब्दविरहित संगीताला जॅझमास्टरचा भरदार आवाज आणि स्वर अलगद डोलवणारा दांडा अगदी मानवला. ‘वॉक, डोन्ट रन’ या १९६० च्या रचनेने गाजलेल्या द व्हेंचर्स या वाद्यवृंदाच्या हातीही ही गिटार होती.

याच दशकात एक गृहीत मुळापासून बदलले. १९५८ मध्ये गिटारवर जाड तारा चढवण्याची रीत होती, आणि त्यांचा ताण इतका असे की घोडीवरचा दाब आपोआपच पुरेसा राही. पुढे रॉक वादकांना तार बोटाने बाजूला ओढून मींडेसारखा स्वर काढण्याची गोडी लागली, म्हणून बारीक तारांचा प्रसार झाला. जॅझमास्टरमध्ये तारा घोडीवरून फार उथळ कोनात मागे जातात, त्यामुळे ताण घटताच घोडीवरचा दाबही घटला. प्रत्येक तारेखालच्या नळकांडीवर स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक खाचा आहेत. जोराने वाजवले की बारीक तार एका खाचेतून उडून शेजारच्या खाचेत जाते, घोडी खणखणते आणि तिची उंची ठरवणारे स्क्रू कंपनांनी सैल होऊन ती हळूहळू खाली बसते. अनुभवी कारागीर यावर साधा उपाय करतात. मान जेथे अंगाला जोडलेली असते त्या खाचेत एक पातळ पाचर घातली की मान किंचित मागे झुकते, परिणामी घोडी उंच करावी लागते आणि तारांचा कोन आपोआप तीव्र होतो. याशिवाय जाड तारा लावणे, किंवा प्रत्येक तारेसाठी एकच खोल खाच असलेली वेगळी घोडी बसवणे, हेही मार्ग रूढ आहेत.

तथापि सत्तरच्या दशकात बहुसंख्य वादकांना एवढी खटपट नको होती. त्यांचा ओढा दीर्घकाळ टिकणाऱ्या, दमदार स्वराच्या गिटारकडे असल्याने जॅझमास्टरची मागणी ओसरली आणि अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या व गहाणवटीच्या दुकानांत ती स्वस्तात मिळू लागली. तिच्या पुनर्जन्माचे बीज या पडत्या भावातच होते, कारण खिशात फारसे पैसे नसलेल्या, प्रस्थापित रॉकची ऐट नको असलेल्या तरुणांना ती परवडत होती. १९७७ मध्ये एल्विस कॉस्टेलो यांच्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर ती झळकली आणि न्यूयॉर्कमध्ये टेलिव्हिजन या वृंदाचे टॉम व्हर्लेन यांनी तिच्यातून धारदार, नाजूक सुरावटी काढल्या.

पुढच्या पिढीने तर तिच्या उणिवांनाच वाद्य बनवले. घोडी आणि मागची पट्टी यांच्यामधल्या तारा कोणी छेडत नसले तरी त्या मोकळ्या असतात. मुख्य भागात वाजलेल्या स्वराशी त्यांची कंप्रता जुळली की सतारीच्या तरफांप्रमाणे त्या आपोआप झंकारतात. स्वच्छ स्वर हवा असणारे वादक तेथे कापडाची घडी खुपसून तो झंकार बंद करतात, पण न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथ या वृंदातील थर्स्टन मूर आणि ली रॅनाल्डो यांनी तोच भाग मुद्दाम छेडून घंटानादासारखे, कोणत्याही पडद्यावर न सापडणारे ध्वनी निर्माण केले. आयर्लंड व इंग्लंडच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या वृंदाचे केव्हिन शील्ड्स यांनी दांडा हातात धरून ठेवूनच तारा झणकारण्याची पद्धत विकसित केली, ज्यामुळे प्रत्येक स्वरसंघ वाजताक्षणीच किंचित वितळू लागतो. ‘लव्हलेस’ हा त्यांचा १९९१ चा संग्रह या ध्वनीसाठीच ओळखला जातो. ताठ स्प्रिंगच्या दांड्यातून असा संथ, अर्धवट डोलणारा स्वर निघणे कठीण असते. जॅझमास्टरची हलकी यंत्रणा आणि झुलती घोडी यांच्यामुळे तो हाताच्या नुसत्या भाराने निघतो. डायनोसॉर ज्युनियरचे जे मॅसिस यांनी हीच गिटार प्रचंड आवाजात, दीर्घ एकल वादनासाठी वापरली.

या वादकांमुळे मागणी वाढली, आधी जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत जुन्या धर्तीच्या जॅझमास्टर पुन्हा तयार होऊ लागल्या आणि एके काळी मातीमोल झालेल्या जुन्या प्रतींना संग्राहकांत मोठी किंमत आली. आणखी एक वर्तुळही पूर्ण झाले : विल्को या वृंदातील नेल्स क्लाइन हे मूळचे मुक्त जॅझ परंपरेतले वादक असून १९५९ ची जॅझमास्टर हे त्यांचे प्रमुख वाद्य आहे. लिओ फेंडर यांना अपेक्षित होता तसा मवाळ जॅझ स्वर आणि सॉनिक यूथने शोधलेला गोंगाट हे दोन्ही त्यांच्या वादनात एकाच वाद्यातून ऐकू येतात.

म्हणून नवी जॅझमास्टर घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिची घोडी बदलण्याची घाई करू नये. जाड तारा लावून, मानेखाली पाचर देऊन आणि घोडीचे स्क्रू पक्के करून ती १९५८ च्या गृहीतांजवळ नेली, तर मूळ यंत्रणा किती समंजस होती याचा प्रत्यय येतो. त्यानंतर हवा तो बदल करावा, पण तो आपल्या वादनाच्या गरजेतून यावा, इतरांच्या तक्रारींतून नव्हे. काहीशी गैरसोयीची असूनही ही गिटार टिकली, याचे कारण तिने वादकाला घोडीमागच्या तारा, अर्धवट दाबलेला दांडा आणि दुहेरी जोडणी अशा मोकळ्या जागा दिल्या आणि त्या कशा भरायच्या हे ठरवण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला नाही.