पपईवरचा पिठ्या ढेकूण

थेरगाव, काळेवाडी, रहाटणी या भागांत गुंठा-दीड गुंठ्यात बांधलेल्या घरांच्या मागे जी थोडी मोकळी जागा उरते, तिथे बऱ्याचदा पपई असते. ती मुद्दाम लावलेली असतेच असे नाही. टाकलेल्या बियांतूनही उगवते. एक दिवस तिच्या फळांवर आणि पानांच्या मागे कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात आणि घरात दोन मते पडतात : झाड तोडा, नाहीतर झुरळांवरचा फवारा मारा. यांतला दुसरा उपाय पहिल्यापेक्षा वाईट. मुलांच्या तोंडी जाणाऱ्या फळावर तो फवारा मारू नये हे उघडच आहे. पण त्याने कीडही जात नाही, ती का, हे पाहू.

भिंगातून पाहिले तर पुंजक्यात दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, मेणाच्या भुकटीने माखलेले पिवळसर कीटक दिसतात. हाच पिठ्या ढेकूण. नाव ढेकूण असले तरी तो माणसाला चावत नाही; झाडाचा अन्नरस शोषतो. या रसात साखर भरपूर, पण प्रथिनांसाठी लागणारी द्रव्ये थोडी. म्हणून त्याला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांवाटे बाहेर टाकावी लागते. या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि तो चाटायला मुंग्या येतात. मुंग्या पपईचे काही खात नाहीत, पण ढेकणांवर येणाऱ्या शत्रूंना हुसकावून लावतात. एकेक मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. मेण आणि पिशवी यांवरून फवारा ओघळून जातो. मरतात ते उघड्यावर हिंडणारे कीटक, म्हणजे नेमके ढेकणांचे शत्रू!

पपईवरच्या या जातीचे शास्त्रीय नाव पॅराकॉकस मार्जिनेटस. तिचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथे तिचा उपद्रव इतका कमी, की १९९२ पर्यंत तिला शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते. भारतात ती प्रथम २००८ मध्ये कोइमतूरला आढळली; तुती आणि टॅपिओकाच्या पिकांवरही पसरली. पुढे ती पुणे परिसरातही आली. मूळ देशात निरुपद्रवी असणारी कीड इथे इतकी का माजली? प्रवासात तिचे शत्रू मागे राहिले म्हणून. तेव्हा शत्रूंनाच बोलावणे हा सरळ उपाय होता. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने प्वेर्तो रिकोहून तीन परजीवी कीटक आणवले. त्यांतला सर्वांत कर्तबगार ठरला असेरोफॅगस पपयी. ही गांधीलमाशीची नातलग, पण आकाराने एक मिलिमीटरहूनही लहान. ती ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते आणि सुमारे अडीच आठवड्यांत नवी माशी बाहेर पडते. ढेकणाची पिढी पुरी व्हायला महिनाभर लागतो. शर्यत कोण जिंकणार, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. तामिळनाडूत काही महिन्यांतच कीड ओसरली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील संशोधकांनी पुणे परिसरातील ही कीड आणि तिचे शत्रू यांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध केली.

परसात करायचे ते एवढेच, की या शत्रूंची वाट अडवू नये. आधी मुंग्या थांबवा. बुंध्याभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात ते कुणाच्या तरी घरी असतेच! मात्र ग्रीस थेट सालीला लावू नका. फार माखलेली पाने आणि फळे काढून, पिशवीत बांधून टाका. उरलेल्या पुंजक्यांवर पाण्याची जोरदार धार सोडा. साबणाचे पाणी वापरायचेच तर अगदी पातळ करून, आधी एका पानावर लावून पाहा, कारण पपईचे पान नाजूक असते. कुंपणाची जास्वंद आणि गल्लीतले गाजरगवतही तपासायला हवे. ही कीड त्यांच्यावरही जगते. शेजारच्या भिंतीपलीकडचे झाड तसेच राहिले तर आपली मेहनत वाया जाते.

काढलेली पाने टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहा. फुगून तपकिरी, टणक झालेले ढेकूण दिसले तर त्यांच्या पोटात परजीवी वाढत असतो. अशा पानाचा तुकडा बाटलीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. काही दिवसांत बारीक माश्या बाहेर पडतील. भिंगातून पाहून झाल्या की त्यांना कीड लागलेल्या झाडापाशी सोडून द्या.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. पुंजक्यातून झपाझप चालणारा, ढेकणापेक्षा बराच मोठा आणि तसाच पांढरा झिपरा कीटक दिसला तर तो चिरडू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. या किड्याला १८९८ मध्ये कॉफीवरील किडीसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणले होते. क्वचित एपफ्लाय या फुलपाखराची अळीही पुंजक्यात सापडते. फुलपाखराची असून ती पान न खाता ढेकूण खाते. तिचा कोष अगदी माकडाच्या तोंडासारखा दिसतो.